मातीचं कबुतर, जुनी दुनळी

'सेकंडहँड' या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. 'जुनी' म्हटलं की वस्तू मोडकी वाटते, 'वापरलेली' म्हटलं की उष्टी वाटते. गाडी, पुस्तक, सायकल यांच्या बाबतीत आपण 'सेकंडहँड' म्हणून मोकळे होतो. पण बंदुकीच्या बाबतीत हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. आधीचा हात कोणाचा होता आणि त्याने तिचं काय केलं, हा प्रश्न पुस्तकापेक्षा बंदुकीला जास्त लागू पडतो.

दचकू नका मंडळी. गेले काही महिने मी इंग्लंडमध्ये जुन्या बंदुका बघत हिंडतोय, ते क्ले पिजन शूटिंगसाठी. यंत्रातून हवेत फेकलेली एक बशी बंदुकीने फोडायची, एवढाच हा खेळ. पोलिसांनी मान्य केलेल्या जागी आणि वेळी, स्वतःचं सर्टिफिकेट नसलं तरी क्लबची बंदूक घेऊन तो खेळता येतो. वर्षभर तसं केलं. मग सर्टिफिकेट काढलं आणि स्वतःची बंदूक घ्यायची ठरवली. बजेट ७०० पौंड. नवी त्यात बसणं कठीण, म्हणून जुनी.

दुकानातल्या रॅकसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं, की इथल्या किमती उलट्या टांगल्यात. बर्मिंगहॅमच्या कारागिराने हाताने घासूनपुसून केलेली, अक्रोडाच्या दस्त्याची, वजनाला हलकी, दिसायला देखणी अशी दुनळी अडीचशे-तीनशे पौंडांत मिळते. तिच्या शेजारची कारखान्यात बनलेली, काळी, जड जपानी किंवा इटालियन बंदूक तिच्या दुप्पट-चौपट. हातमागाची पैठणी फुटपाथवर आणि नायलॉनची साडी काचेच्या कपाटात ठेवावी, तसा प्रकार! असं का, हे समजून घ्यायला मला दोनशे वर्षं मागे जावं लागलं.

'क्ले पिजन' या नावात क्ले नाही आणि पिजनही नाही. आजची बशी चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांच्या मिश्रणाची असते. व्यास सुमारे ११ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या जरासं वर. पण नाव खोटं नाही, ते फक्त शिळं आहे. मुळात कबुतरं खरी होती. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पिंजऱ्यातली कबुतरं सोडून त्यांच्यावर बार टाकायच्या पैजा लागू लागल्या. लंडनजवळ ईलिंगला 'ओल्ड हॅट्स' नावाचं दारूचं दुकान होतं. तिथे जमिनीतल्या खड्ड्यात कबुतर ठेवून वर जुनी टोपी झाकायचे आणि दोरी ओढून टोपी उडवायचे, असं सांगतात. पुढे टोपीच्या जागी पेटी आली. पेटीला म्हणायचे 'ट्रॅप'. ऑलिंपिकमधल्या 'ट्रॅप शूटिंग'चं नाव त्या पेटीवरून आलंय.

हा खेळ काही गावगुंडांचा नव्हता. लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ मध्ये स्थापन झाला तो कबुतरं मारण्यासाठीच. पोलो तिथे नंतर आला. क्लबने १९०५ मध्ये कबुतरांवरचा नेम बंद केला, पण बोधचिन्हावर कबुतर अजून आहे. १९०० मध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या कार्यक्रमात जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली आणि बेल्जियमच्या लिऑन द लुंडेनने २१ पक्षी पाडून ती जिंकली. ती स्पर्धा 'अधिकृत' धरायची का, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. शेवटी १९२१ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांवर गोळी झाडायला बंदी घातली.

तोपर्यंत पर्याय तयार होता. अमेरिकेत १८६० च्या दशकात काचेचे गोळे उडवायला सुरुवात झाली होती. कॅप्टन बोगार्डस नावाच्या नेमबाजाने १८७७ मध्ये त्यासाठी सुधारित यंत्राचं पेटंट घेतलं. पण काचेचा गोळा पक्ष्यासारखा उडत नाही, आणि शेतात काचा पडतात त्या वेगळ्याच. मग १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने मातीची भाजलेली चपटी बशी काढली. पाण्यावर टप्पे खात जाणाऱ्या चपट्या शिंपल्या-दगडांवरून त्याला ती सुचली, अशी कथा आहे. आपणही लहानपणी तळ्यात भाकऱ्या काढायचो ना, तेच! त्याची बशी सुरुवातीला इतकी कडक निघायची, की छर्रे लागले तरी टण्ण आवाज करून तशीच पुढे जायची. म्हणून माती गेली, चुनखडी आणि पिच आलं.

मला या गोष्टीत एक विलक्षण वाटतं. खेळातून मरण गेलं, पण भाषेतून गेलं नाही. आजही इथे बशीला 'बर्ड' म्हणतात, ती फुटली की 'किल'. एखादी आजी उन्हात खुर्ची टाकून, थर्मासमधला चहा पीत, नातवाच्या गुणपत्रिकेवर 'किल' मांडत बसलेली असते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दादरच्या कबुतरखान्यावर दाणे टाकणाऱ्यांच्या शहरात वाढलेल्या माझ्यासारख्याला पहिले काही दिवस तो शब्द खटकला. मग लक्षात आलं की आपणही कोहळा कापतो आणि त्याला 'बळी' म्हणतो. माणूस हिंसा सोडतो तेव्हा आधी वस्तू बदलतो. शब्द बदलायला वेळ लागतो.

आता बंदुकीकडे येऊ.

आज इंग्लंडात मिळणारी साधी, शेजारी-शेजारी नळ्या असलेली दुनळी बहुतेक वेळा एका १८७५ च्या पेटंटची पणती असते. वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या कंपनीतल्या अँसन आणि डीली या दोघांनी ते घेतलं होतं. त्याआधी बंदुकीला बाहेरून दिसणारे घोडे असायचे, ते प्रत्येक वेळी अंगठ्याने ओढायला लागायचे. या दोघांनी घोडे आत लपवले आणि नळ्या मोडल्या की ते आपोआप ओढले जातील अशी युक्ती केली. भाग कमी, काम चोख. मग बर्मिंगहॅमच्या 'गन क्वार्टर'मध्ये या बंदुकांचा महापूर आला. एक माणूस फक्त नळ्या करायचा, दुसरा फक्त दस्ता, तिसरा फक्त चाप. छोट्या छोट्या खोल्यांत, पिढ्यान् पिढ्या. आपल्याकडच्या तांबट आळीसारखंच.

ही बंदूक बनली ती रानात फिरायला. दिवसभर खांद्यावर वागवायची आणि त्यात पंचवीस-तीस बार काढायचे, म्हणून वजन सव्वासहा-साडेसहा पौंड. क्ले शूटिंगमध्ये एका फेरीत शंभर बशा येतात. शंभर वेळा हलक्या बंदुकीचा धक्का खांद्यावर घ्यायचा म्हणजे संध्याकाळी शर्ट काढताना बायकोची मदत लागते! शिवाय दोन नळ्या आडव्या शेजारी असल्या की डोळ्यासमोर रुंद पट्टा येतो. एकीवर एक ठेवल्या की एकच सरळ रेघ दिसते. बशी म्हणजे वेग आणि कोन यांचं गणित, त्यात ही रेघ फार उपयोगी पडते.

नळ्या एकीवर एक ठेवायची कल्पना लंडनच्या बड्या कारागिरांकडे होतीच. बॉसने १९०९ मध्ये आणि वुडवर्डने १९१३ मध्ये तशा बंदुका केल्या. पण त्या राजेरजवाड्यांच्या किमतीच्या. तीच गोष्ट कारखान्यात करता येईल असा विचार केला जॉन मोझेस ब्राउनिंगने. हा अमेरिकेतल्या युटाचा माणूस, पण बंदूक बनवायची बेल्जियममधल्या एर्स्टालच्या एफ.एन. कारखान्यात. तिथेच, १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये, तो काम करता करता वारला. मुलाने, व्हॅलने, उरलेलं काम पुरं केलं आणि १९३१ मध्ये 'सुपरपोज्ड' बाजारात आली. पुढे बेल्जियन मजुरी परवडेना, तेव्हा ब्राउनिंगने १९७३ मध्ये 'सिटोरी' ही तिची सोपी बहीण काढली. ती बनते जपानमध्ये, शिकोकू बेटावरच्या कोची इथल्या मिरोकू कंपनीत. म्हणजे अमेरिकन डोकं, बेल्जियन घर आणि जपानी हात. मिरोकू स्वतःच्या नावानेही त्याच घडणीच्या बंदुका विकते, आणि नावाची पाटी वेगळी असल्याने जुन्या बाजारात त्या ब्राउनिंगपेक्षा थोड्या स्वस्त पडतात. हे समजल्यावर माझे डोळे चमकले, हे सांगायला नको.

दुसरं घराणं बेरेटाचं. इटलीतल्या ब्रेश्याजवळचं गार्दोने गाव. १५२६ मध्ये बार्तोलोमेओ बेरेटाने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या २९६ डुकॅटना विकल्या, त्याची नोंद आजही आहे. १५२६ म्हणजे आपल्याकडे पानिपतची पहिली लढाई, बाबर आणि इब्राहिम लोदी. त्या वर्षीच्या तोफांचं पुढे काय झालं कोणास ठाऊक, पण हे दुकान अजून चालू आहे.

आणि गरिबांचे आधार दोन. एक रशियातल्या इझेव्स्कची 'बैकाल'. तोफखान्याच्या गाड्यासारखी ओबडधोबड, पण मोडायचं नाव घेत नाही. दुसरी बास्क प्रदेशातली, आता बंद पडलेली, 'लँबर'. इथल्या कित्येक नेमबाजांची पहिली बंदूक यांतलीच एक असते.

या सगळ्यातून किमतीचं कोडं सुटलं. बर्मिंगहॅमची दुनळी वाईट म्हणून स्वस्त नाही. तिचं काम संपलं म्हणून ती स्वस्त आहे. वेब्ली अँड स्कॉटसारख्या कंपनीनेही १९७० च्या दशकाच्या शेवटी शॉटगन बनवणं थांबवलं. कौशल्याची किंमत कौशल्यावर ठरत नाही, ते कोणाला हवंय यावर ठरते. हे वाक्य मी दुकानात उभ्या उभ्या मनात म्हटलं आणि आमच्या आय.टी. धंद्याचा विचार करून जरा गप्प झालो.

जुन्या बंदुकीची जन्मपत्रिका तिच्या नळ्यांच्या पोटावर कोरलेली असते. नळ्या सुट्या करून उलट्या धरल्या की बारीक ठसे दिसतात. त्यांना 'प्रूफ मार्क' म्हणतात. विकण्याआधी प्रत्येक बंदूक नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस घालून उडवायची, टिकली तर शिक्का मारायचा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली. बेल्जियममध्ये लिएजला १६७२ पासून ही व्यवस्था आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने आलं. फुटक्या नळीने गिऱ्हाइकाचा डावा हात जायचा, आणि त्याबरोबर सगळ्या गावाचं नाव. शिक्क्याशिवाय, किंवा शिक्का मारल्यानंतर आतून फार झिजलेली बंदूक विकणं इथे गुन्हा आहे.

हे ठसे वाचायला मजा येते. १८७५ ते १८८७ मधली नळी असेल आणि तिचं तोंड आतून आवळलेलं, म्हणजे चोक असेल, तर तिच्यावर 'नॉट फॉर बॉल' लिहिलेलं सापडतं. छर्रे चालतील, गोळी नको. १९५४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली बी.एन.पी. अशी अक्षरं असतात. पहिल्यांदा ती पाहून मी चपापलो, कारण इथल्या आमच्यासारख्या परदेशी लोकांना बी.एन.पी. म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टीच आठवते. इथे अर्थ निराळा आहे, 'बर्मिंगहॅम नायट्रो प्रूफ'. म्हणजे जुन्या काळ्या दारूसाठीच नव्हे, तर आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली. त्याशेजारी दाब आणि काडतुसाची लांबी दिलेली असते. अडीच इंच (६५ मिलिमीटर) लिहिलं असेल तर तिच्यात आजची लांब, ७० मिलिमीटरची काडतुसं घालायची नाहीत. क्ले शूटिंगची काडतुसं बहुधा लांबच असतात. तीनशे पौंडांच्या स्वस्ताईची खरी किंमत कधी कधी या एका आकड्यात लपलेली असते.

हे ठसे बघताना मला कोकणातली आमच्या गावची बंदूक आठवली. पंचक्रोशीत लायसनची बंदूक एकच, रानडुकरांपासून भात राखायला. तिच्या मालकाला सगळे वचकून असायचे, तो बंदूक वापरायचा म्हणून नव्हे, त्याच्याकडे लायसन होतं म्हणून. याचं मूळ १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्यात आहे. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र त्यातून सूट. त्याच काळात इंग्लंडात काय होतं? १८७० च्या कायद्याने पोस्टात जायचं, दहा शिलिंग भरायचे, की मिळाला बंदुकीचा परवाना. शॉटगनला पोलिसांचं सर्टिफिकेट लागू लागलं ते थेट १९६८ च्या मे महिन्यापासून. त्याला निमित्त झालं १९६६ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुशमध्ये झालेल्या तीन पोलिसांच्या खुनाचं, आणि गंमत म्हणजे त्या गुन्ह्यात शॉटगन नव्हतीच, पिस्तुलं होती. पुढे १९८७ च्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर, १९८८ मध्ये नियम आणखी कडक झाले.

म्हणजे राणीच्या एका प्रजेला बंदूक पोस्टाच्या खिडकीवर, आणि दुसऱ्या प्रजेला कलेक्टरच्या मेहेरबानीने. मी सर्टिफिकेटचा अर्ज केला तेव्हा पोलिसांकडून एक बाई घरी आल्या. कपाट कुठे, किल्ली कोणाकडे, घरात भांडणं होतात का, झोप लागते का, सगळं विचारलं. बायकोशी वेगळं बोलल्या. डॉक्टरांकडून माहिती मागवली. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. आजोबांच्या पिढीला जो प्रश्न 'तू कोण?' असा विचारला जायचा, तो मला 'तू कसा आहेस?' असा विचारला गेला. या दोन प्रश्नांत शंभर वर्षांचं अंतर आहे.

आपल्या देशाचं या खेळाशी नातंही राजवाड्यातूनच सुरू होतं. बिकानेरचे महाराजा करणी सिंह ट्रॅपमध्ये पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. मग २००४ च्या अथेन्समध्ये राज्यवर्धन सिंग राठोडचं डबल ट्रॅपमधलं रौप्य. ते पदक बघत आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, आठवतंय? मराठी माणसाचा नेम मात्र रायफलीचा. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवणारा स्वप्निल कुसाळे. बाराबोअर अजून आपल्याकडे महाग नाद आहे. १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुकांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने, इथे तीनशे पौंडांत पडून असलेल्या वेब्लीचा भाव तिकडे ऐकला तर इथला दुकानदार खुर्चीवरून पडेल.

असो. निवड कशी केली ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं, अंगाला बसणं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग उघडायचे. नजर नळीच्या रेघेवरून सरळ गेली पाहिजे. मान वाकवावी लागली तर ती बंदूक दुसऱ्याची. दुसरं, सांधा. पुढची लाकडी मूठ काढून नळ्या आणि मागचा भाग यांच्यात खुळखुळ आहे का ते हाताने हलवून बघायचं. वरची पट्टी, जी ढकलून बंदूक उघडते, ती नव्या बंदुकीत मध्यापासून जरा उजवीकडे थांबते. झीज होईल तशी ती डावीकडे सरकते. तिसरं, नळ्या. उजेडाकडे धरून आत गंजाचे खड्डे, बाहेर पोचे बघायचे. मग नळ्या आकड्याला टांगून हलकेच टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर जोड पक्के. बद्द आवाज आला तर कुठेतरी डाक सुटलाय. माठ घेताना आजी जे करायची, तेच. चौथं, माप. नळीच्या भिंतीची जाडी आणि आतला व्यास दुकानदाराला मोजायला सांगायचा. नको म्हणाला तर आपणही नको म्हणायचं.

आणि पाचवं, पुढचा काळ. ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणायचा निर्णय जाहीर केला. शिसं जमिनीत, पाण्यात, पाखरांच्या पोटात जातं. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत, म्हणून फार आवळ चोकच्या आणि पातळ जुन्या नळ्यांना ते मानवत नाहीत. इंग्लिश दुनळीचं उरलंसुरलं कामही त्यामुळे धोक्यात आहे. पुढच्या वर्षी ती आणखी स्वस्त झाली तर आश्चर्य वाटायला नको.

मी घेतली ती १९८० च्या दशकातली मिरोकू. नळ्या एकीवर एक, चोक बदलता न येणारे, पाव आणि अर्धा. बदलते चोक नाहीत म्हणून कोणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि म्हणूनच ती ६५० पौंडांत मिळाली. पाव-अर्धा मला पुरतो, आणि साध्या पोलादी काडतुसांना अर्ध्यापर्यंतचा चोक चालतो. दस्त्यावर एक जुना ओरखडा आहे. दुकानदाराने 'घासून देऊ का?' विचारलं. मी नको म्हटलं.

बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली की दोघांनी सात दिवसांत पोलिसांना कळवायचं, असा इथला नियम आहे. म्हणजे तिचा कुळवृत्तांत ठेवला जातो, फक्त तो आपल्याला वाचायला मिळत नाही. आधीच्या मालकाबद्दल मला एवढंच माहीत आहे, की त्याने नळ्या नेहमी पुसून ठेवल्या आणि तो माझ्यासारखाच उजव्या खांद्याचा होता. माझ्यानंतर ती ज्याच्याकडे जाईल त्यालाही माझ्याबद्दल एवढंच कळावं. आत गंज नाही, सांधा घट्ट आहे, आणि हिने आयुष्यभर चुनखडीच्या बशांखेरीज काही फोडलं नाही.